खरे लिहिले, म्हणून घराचा विमा नाकारला

महोदय,

धंदा बुडाला, न्यायालयाने मला दिवाळखोर ठरवले आणि पुढे रीतसर मुक्तही केले. ते सारे पचवले. पण परवा घराच्या विम्याचा अर्ज भरताना ‘आपण कधी दिवाळखोर ठरला आहात का?’ या ओळीपाशी पेन थबकले. शेजारी मुलगी बसली होती. नकळत मी कागदावर हात आडवा धरला. एजंट हळूच म्हणाला, “‘नाही’वर खूण करा, कोण बघतंय?”

बघतात, घर जळाल्यावर बघतात! विमा परम सद्भावाच्या तत्त्वावर चालतो. विचारलेली महत्त्वाची गोष्ट दडवली, तर ऐन गरजेच्या वेळी दावा फेटाळला जाऊ शकतो.

मी ‘हो’ लिहिले. नकार आला, कारण न देता. आता दुसऱ्या कंपनीच्या अर्जात ‘पूर्वी कुणी विमा नाकारला आहे का?’ असा प्रश्न आहे. म्हणजे खरे सांगितल्याचा डागही आता मीच मिरवायचा.

हप्ता थकण्याची भीती असेल, तर वर्षाचा आगाऊ घ्या. माझी तयारी आहे. हेतूबद्दल शंका असेल, तर मुक्ततेचा आदेश तपासा. दिवाळखोरी किती वर्षांपूर्वीची, एवढे तरी अर्जात विचारा, आणि नकाराचे कारण लेखी द्या.

– एक वाचक