नेपाळातल्या जाजरकोटला निघालेल्या लेकीस

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

भूकंपात पडलेली शाळा बांधायला कॉलेजबरोबर निघालीस, त्या सामानाची यादी पाहिली. सगळं ठीक आहे, फक्त बॅनर नेऊ नका. कॉलेजचं नाव, प्राचार्यांचा फोटो आणि खाली 'भूकंपग्रस्तांना मदतीचा हात' असं लिहिलेलं ते दहा फुटी फ्लेक्स घरीच राहू दे. सरांना माझं नाव सांग, मी बोलतो त्यांच्याशी.

तू म्हणशील, बाबा निघायच्या आधीच खोड्या काढायला लागले. पण कॉलेजची पोरं सेवेला येतात तेव्हा समोरच्याला कसं वाटतं हे आपल्या घरात मलाच ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी दहावीत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, माणसं उशिरा झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सगळं बसलं. लातूर आणि उस्मानाबाद मिळून आठ-दहा हजार माणसं गेली. त्यात माझी आजी आणि धाकटी चुलती. ते तुला माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही.

त्यानंतर काय झालं ते मात्र तुला कधी नीट सांगितलं नाही. ट्रकच्या ट्रक कपडे आले. त्यात लग्नातले कोट होते, झालरीचे फ्रॉक होते, एकेकच बूट होते. धोतरं आणि नऊवारी लुगडी शोधून सापडत नव्हती. पाऊस चालू होता, ते ढीग रस्त्याकडेला भिजून कुजले आणि शेवटी जनावरांनी तुडवले. आणखी एक मंडळ आलं, त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं, बिस्किटाचे पुडे हातात दिले, फोटो काढले आणि परत घेतले नाहीत एवढंच काय ते नशीब. आजोबा त्या रांगेत उभे राहिले नाहीत. अडीच एकरांचा का होईना, शेतकरी माणूस.

पण चांगलीही माणसं आली गं. सोलापूरकडून काही पोरं कडब्याच्या पेंढ्या घेऊन आली. आमची ढोरं दावणीला उपाशी हंबरत होती, त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. कडबा पाहून आजोबा पहिल्यांदा रडले. दुसरा एक गट झाडाखाली टेबल टाकून बसला आणि मयताचे दाखले, रेशनकार्ड, सातबारा, बँकेचे अर्ज असली कागदं लोकांना लिहून देत राहिला. त्यांच्या कामाचा कुणी फोटो काढला नाही, काढण्यासारखं त्यात काही नव्हतंच. त्यांनी आल्या आल्या विचारलं होतं, तुमचं काय अडलंय? बाकीच्यांनी आणलेलं वाटलं आणि गाडीत बसले.

नवीन गावं वसली तेव्हाही विचारायचं राहिलंच. सरळ रस्ते, एका मापाची घरं, कागदावर फार देखणं. गोठ्याला जागा नाही, धान्य ठेवायला जागा नाही. पाणी नसल्यामुळे संडासात लोकांनी सरपण आणि कडबा भरला. भावकी चार दिशांना विखुरली. आजोबा मरेपर्यंत त्या सिमेंटच्या घरात झोपले नाहीत, बाहेर पत्र्याचा आडोसा करून झोपायचे.

आता तुझ्या अभ्यासातली गोष्ट. आपल्याकडं माणसं भूकंपानं कमी आणि भिंतींनी जास्त मारली. दोन-अडीच फूट रुंदीची दगडमातीची भिंत, आतला आणि बाहेरचा थर वेगळा, मध्ये नुसती भर. वरती माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, त्यावर दरवर्षी मातीचा थर चढत गेलेला. हादरा बसला की दोन थर सुटे होतात आणि छप्पर खाली येतं. जाजरकोट आणि पश्चिम रुकुममध्ये ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री हेच झालं. पावणेबारा वाजले होते, माणसं आमच्यासारखीच झोपेत. दीडशेहून जास्त गेली. २०१५ चा नेपाळातलाच गोरखा भूकंप त्याहून कितीतरी मोठा, पण तो दुपारी ११:५६ ला आणि शनिवारी आला. नेपाळात शनिवारी शाळेला सुट्टी असते. हजारो वर्ग कोसळले, पोरं घरी किंवा अंगणात होती. शाळेची भिंत बांधायला जाताय तर एवढं ध्यानात असू दे.

भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर टाकलेत का, खिडकीखाली आणि दारावर आडवा पट्टा आहे का, कोपरे नीट बांधलेत का, हे तुला पुस्तकातून कळतं. तिथल्या मिस्त्रीला ते हातानं कळतं. तू तिसऱ्या वर्षाला आहेस, आजवर एक वीट लावलेली नाहीस. त्यामुळे तो सांगेल ते कर. दगड वाहा, पाणी आण, माती कालव. तुम्ही चुकीची लावलेली रांग रात्री त्याला उचकटून पुन्हा लावायला लागू नये. आणि सरांना एक विचार. गावातल्या माणसांना मजुरी मिळणार आहे की तुम्ही फुकट राबणार म्हणून त्यांचा रोजगार जाणार? तिकडचे कितीतरी पुरुष आधीच भारतात कामाला आहेत. आपल्या सोसायटीचे काका रात्रभर गेटवर बसतात, त्यांचं घर जाजरकोट ज्यात येतं त्याच कर्णाली प्रदेशात आहे. निघायच्या आधी एकदा त्यांच्याजवळ बस. रस्ता, थंडी, जेवण, कुणाला कसं हाक मारायचं, हे ट्रॅव्हलवाल्यापेक्षा ते नीट सांगतील. घरी काही पोचवायचं असेल तर घेऊन जा, ओझं झालं तरी.

कार्यक्रमात परतीच्या वाटेवर 'अनाथाश्रम भेट' लिहिली आहे. तू जाऊ नकोस, बाकीच्यांनाही सांगून बघ. त्या देशात १९९६ ते २००६ यादवी चालू होती. तेव्हा कर्णालीच्याच हुमलासारख्या भागातून दलालांनी शाळेत घालतो म्हणून पोरं काठमांडूला नेली, आईबापांकडून पैसेही घेतले आणि तिकडे त्यांना अनाथ म्हणून दाखवलं. पाहुणे येतात, कळवळतात, पैसे देतात, म्हणून आश्रमांना पोरं लागतात. तुमच्या तासाभराच्या गाण्यांनी त्या पोरांचं काही भलं होत नाही. चॉकलेटं शाळेच्या मास्तरांकडे दे, वाटायची का ते त्यांना ठरवू दे.

आईला दिवाळीची काळजी आहे. बाळू फुगून बसलाय, पण भाऊबीज तिथेही असते, भाइटीका म्हणतात. बहिणी दारात अक्रोड फोडतात, सात रंगांचा टिळा लावतात, मखमली फुलांची माळ घालतात. गावात कुणी बोलावलं तर जा, काही घेऊन जा, आणि आमच्याकडं असं असतं म्हणून भाषण ठोकू नकोस.

आधार कार्डावर विसंबू नकोस, पासपोर्ट किंवा मतदार कार्ड जवळ ठेव. पैसे शंभरच्या नोटांत ने. आपल्या शंभराचे तिकडचे एकशे साठ होतात. लोकरीचे दोन मोजे जास्त घे, डोंगरात रात्री गारठा असतो. लखनौहून सीमेवरच्या रुपईडिहाला पोचलात की फोन कर, पलीकडच्या नेपाळगंजच्या पुढे आपलं सिम चालेलच असं नाही. खात्यात पाच हजार टाकलेत, आईला सांगू नकोस, तिने वेगळे टाकलेत.

तुझे,
बाबा