झडपेच्या लेखात गोठा कुठे आहे?

संपादक महोदय,

कालच्या अंकातील हृदयाच्या झडपांना होणाऱ्या जंतुसंसर्गावरचा लेख वाचला. दात स्वच्छ ठेवा, दंतवैद्याला हृदयविकाराची कल्पना द्या, हे सगळे बरोबरच आहे. पण गोठ्याबद्दल त्यात एक शब्द नाही. आमच्या तालुक्यात दारात गाय किंवा शेळी नसलेले घर शोधावे लागेल, आणि तुमचा अंक इथेही येतो.

माझ्या धाकट्या भावाला संध्याकाळी ताप चढायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचे, कंबर धरायची. टायफॉईडसाठीची विडाल तपासणी झाली, टायफॉईडची औषधे झाली, मग क्षयाची शंका आली. प्रत्येक दवाखान्यात नवे अँटिबायोटिक. रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहायची तपासणी, करायचे सुचले, तोवर एवढी औषधे पोटात गेली होती की त्यात काहीच उगवले नाही. आमची गाय पावसाळ्यात गाभडली होती, म्हणजे तिचा गर्भ पडला होता, आणि तिची वार भावाने उघड्या हातांनी काढली होती. पण ते कोणी विचारलेच नाही! शेवटी एका तरुण निवासी डॉक्टर मुलीने विचारले, "दादा, घरी जनावरं आहेत का?" तेव्हा कुठे ब्रुसेलाची, म्हणजे जनावरे गाभडवणाऱ्या आणि त्यांच्यापासून माणसालाही लागणाऱ्या जंतूची, तपासणी झाली. महाधमनीची झडप तोपर्यंत कामातून गेली होती, ती बदलावी लागली. डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन ही अँटिबायोटिक्स अजून चालू आहेत.

ब्रुसेला झडपेपर्यंत पोहोचतो तो शंभरातल्या एखाद-दोन रुग्णांत, हे मान्य. पण या आजारात माणूस दगावतो तो बहुधा झडपेमुळेच. जंतू सावकाश वाढतो. संशय असेल तर लॅबला आधी कळवावे लागते, नाहीतर तिथल्या तंत्रज्ञालाही लागण होऊ शकते. मग दुर्मिळ म्हणून त्याचे नावही घ्यायचे नाही का?

आणि त्याच अंकाच्या पुरवणीत धारोष्ण दुधाचे गुणगान! हाच जंतू कच्च्या दुधातूनही पोटात जातो, दूध उकळले की मरतो. छापण्याआधी एखाद्या पशुवैद्यकाला विचारायला काय हरकत होती?

कालवडीला ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच ब्रुसेलाची लस द्यायची असते, सरकारी मोहिमेत ती मोफत मिळते. पुढच्या अंकात हे ठळक छापा. गाभडलेल्या जनावराला हातमोज्यांशिवाय हात लावू नका आणि ताप हटत नसेल तर गोठ्याचे डॉक्टरांना आपणहून सांगा, हेही छापा.

– एक दूध उत्पादक, सांगोला