चि. ओंकारास

सांगली, २ फेब्रुवारी २०२५

चि. ओंकार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आजीचा ताप उतरला असून काल तिने स्वतःहून भाकरी मागितली, हे आधी कळवते. शुक्रवारी फोनवर मी आवाज चढवला, तो चढवायला नको होता. पण काळजी खरी होती.

डेंटल हायजीनच्या, म्हणजे दातांच्या स्वच्छतेच्या अभ्यासक्रमात मिळालेली जागा सोडून तू बालशिक्षणाकडे वळणार म्हणतोस. कॉलेज तेच, हाती येणारी पदवीही दोन वर्षांची, असोसिएटचीच. मात्र मे २०२३च्या अमेरिकी सरकारी आकडेवारीत डेंटल हायजिनिस्टचे मध्यक वेतन वर्षाला ८७,५३० डॉलर आहे आणि बालवाडी शिक्षकांचे ३७,१३०, म्हणजे निम्म्या शिक्षकांना त्याहूनही कमी मिळते. एवढ्यात न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये भाडे भरून माणूस राहील कसा? बाबा त्या दोन खोल्यांसाठी रात्रपाळी करत असत, हे तू पाहिले आहेस. मुलाने आधी आपल्या पायावर उभे राहावे आणि मग... असो. पुन्हा उपदेशच करू लागले, क्षमा कर.

रविवारच्या मराठी शाळेत जोशांची धाकटी कोपऱ्यात रडत बसली होती, तेव्हा तू तिच्याशेजारी मांडी घालून बसलास आणि राजम्याचे दाणे जमिनीवर मांडून तिच्याकडून ‘ळ’ गिरवून घेतलास. रडे कधी थांबले ते तिलाही कळले नाही. मी दारात उभी होते. तुला कधी सांगितले नाही, पण त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला. तरीही ३७,००० हा आकडा रात्री डोळ्यांपुढून हलत नाही.

शिकवायचेच असेल, तर दोन वर्षांवर थांबू नकोस. न्यू जर्सीत सरकारी शाळेच्या बालवर्गांना शिकवण्यासाठी चार वर्षांची पदवी आणि पी-थ्री, म्हणजे पूर्वप्राथमिक ते तिसरीपर्यंत शिकवण्याचे प्रमाणपत्र लागते. २००७च्या कायद्यामुळे कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजच्या, ए.ए. (कला) आणि ए.एस. (विज्ञान) या असोसिएट पदव्यांचे क्रेडिट राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत पूर्ण धरले जातात, ए.ए.एस. (उपयोजित विज्ञान) पदवीला मात्र ती हमी नाही. तुझ्या फॉर्मवर यांपैकी काय लिहिले आहे, ते समुपदेशकांना विचारून मला कळव. तोवर डेंटलची जागा सोडल्याचे पत्र देऊ नकोस, एवढे ऐक.

बाबांच्या गोळ्या फ्रीजवरच्या डब्यात आहेत.

तुझी,
आई