सगळीच भित्तिचित्रे फ्रेस्को नव्हेत

महोदय,

युरोपातील प्रबोधनकाळावरच्या लेखांत लिओनार्दो दा विंचीचे मिलानमधील ‘द लास्ट सपर’ आणि मायकेलअँजेलोने रंगवलेले व्हॅटिकनमधील सिस्टाइन चॅपेलचे छत या दोन्हींना सर्रास फ्रेस्को म्हटले जाते. हे चूक आहे; छत फ्रेस्को आहे, ‘द लास्ट सपर’ नाही. दोन्हींना एकच नाव दिल्यामुळे एक चित्र टिकले व दुसरे झडले, यामागचे कारणच वाचकाला कळत नाही.

फ्रेस्को ओल्या चुन्यावर रंगवतात. आधी वाळू-चुन्याचा जाडसर थर, त्यावर तांबड्या मातीच्या रंगाने आखणी आणि मग बारीक गिलावा, तोही त्या दिवशी रंगवून होईल तेवढ्याच भागावर. इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनीच्या १४०० च्या सुमाराच्या पुस्तकात याचे प्रमाण दोन भाग वाळूला एक भाग चुना असे आहे. रंग नुसत्या पाण्यात कालवायचे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो, तेव्हा रंगाचे कण त्यात पक्के बसतात. उशीर झाला तर रंग वरच राहतो आणि हात लावताच भुकटी होऊन निघतो. म्हणून दिवसअखेर न रंगवलेला गिलावा कडेने तिरपा कापून काढत; चुकलेला भागही खरवडून नव्याने लिंपावा लागे. एका दिवसाच्या आणि दुसऱ्या दिवसाच्या गिलाव्यामधले सांधे तिरप्या उजेडात आजही दिसतात. सिस्टाइनमधला आदम अशा चार दिवसांच्या तुकड्यांत रंगवला आहे! अझुराइट या खनिजाचा निळा रंग मात्र ओल्या चुन्यात चालत नसे. तो भिंत सुकल्यावर अंड्यात किंवा सरसात कालवून लावत, त्यामुळे मेरीच्या झग्याचा निळा रंगच अनेकदा आधी झडलेला आढळतो.

लिओनार्दोला सावकाश, पुन्हापुन्हा हात फिरवत रंगवायचे होते. म्हणून त्याने १४९५ ते १४९८ च्या सुमारास ‘द लास्ट सपर’साठी कोरड्या भिंतीवर टेम्पेरा (अंड्यासारख्या बंधकात कालवलेले रंग) आणि तेल वापरले. हे चित्र खराब होऊ लागल्याची नोंद १५१७ मध्येच, त्याच्या हयातीत झाली. मायकेलअँजेलोही अडचणीत आला होता. त्याचा चरित्रकार कोंदिवी लिहितो की छतावरचे ‘महापूर’ हे दृश्य झाल्यावर त्यावर बुरशी धरली, कारण चुन्यात पाणी जास्त झाले होते. वास्तुविशारद जुलियानो दा सांगालोने उपाय दाखवला, काम पुढे गेले आणि १५१२ मध्ये छत पूर्ण झाले.

विनंती एवढीच की, अशी चित्रे छापताना चित्रकाराचे नाव आणि वर्ष यांबरोबर ते ओल्या गिलाव्यावर केले की कोरड्या भिंतीवर, आणि कोणत्या माध्यमात, हेही चित्राखाली द्यावे. त्याला एक ओळ पुरते.

– चित्रकलेचा एक अभ्यासक