पंचनाम्याचा नकाशा मे महिन्यातच हवा

संपादक महोदय,

पुण्यात खडकवासला धरणाचा विसर्ग वाढला की पाटील इस्टेट, ताडीवाला रस्ता अशा नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरते, आणि ओसरले की ‘ड्रोनने पंचनामे करा’ अशी मागणी होते. ड्रोन जरूर उडवा, पण तेव्हा नव्हे. वरून दिसतो तो पत्रा; आत पाणी घोट्याएवढे होते की छातीएवढे, हे त्यावरून कळत नाही. उपग्रहही इथे कामाचा नाही. सेंटिनेल-2 हा फोटो काढणारा उपग्रह, त्याला ढगांपलीकडचे दिसत नाही. सेंटिनेल-1 च्या रडारला दिसते, पण त्याच्या चित्रातला एक ठिपका दहा मीटरचा आणि दाट घरांच्या भिंतींवरून लहरी उसळतात, त्यात बोळातले पाणी हरवते. शेतातल्या पुराला तो उत्तम.

ड्रोन उडवायचा तो मे महिन्यात, आभाळ स्वच्छ असताना. फोटो एकमेकांवर 75-80 टक्के चढले की ते जोडून झोपडीनिहाय नकाशा होतो. मग प्रत्येक दाराला प्लस कोड, म्हणजे नकाशावरच्या चौकोनाचा अक्षरी पत्ता, द्यायचा, आणि चूक हमखास होते ती इथे. दहा अक्षरी कोडचा चौकोन साधारण 14 मीटरचा. 10 बाय 12 फुटांच्या दहा-बारा खोल्या त्यात सहज बसतात. अकरावे अक्षर लावले की चौकोन तीन मीटरवर येतो खरा, पण बोळात उभे राहून मोबाइलने कोड घेतला तर जीपीएस दहा मीटर इकडेतिकडे जाते आणि शेजाऱ्याचा कोड आपल्या दारावर लागतो. म्हणून कोड नकाशावरून घ्यावा, बोळात फक्त पडताळावा. पोटमाळ्यावरच्या बिऱ्हाडाचा कोडही तोच येतो. त्याला पुढे वेगळे अक्षर जोडावे.

यादी बिऱ्हाडांची हवी, मालकांची नव्हे. केंद्राच्या 2022-26 च्या आपत्ती मदतीच्या निकषांत झोपडीचे 8,000 रुपये वेगळे आणि कपडे व भांड्यांचे दर कुटुंबाला प्रत्येकी 2,500 रुपये वेगळे. भांडी वाहून जातात भाडेकरूची, लाइट बिल असते मालकाच्या नावे!

पुरानंतर भिंतीवरची चिखलाची रेघ, शेजारी मोजपट्टी आणि दारावरचा कोड एकाच फोटोत घ्यावा. तो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की त्यातली ठिकाणाची नोंद गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. ओडीके कलेक्ट या मोबाइल अ‍ॅपवर अर्ज नेटवर्कशिवाय भरता येतो, हे त्याहून बरे.

मदत मिळण्यासाठी ओळख पटवायच्या ई-केवायसीचा ओटीपी येतो तो मोबाइलच बुडालेला असतो. धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे ठसे उठत नाहीत, तेव्हा शिबिरात बुबुळ वाचणारे यंत्र हवे. बदलून घेतलेल्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस येत नाहीत. म्हणून आज सिम, उद्या केवायसी.

राहिली भीती. हीच दारनिहाय यादी निळ्या पूररेषेच्या, म्हणजे जिच्या आत बांधकामाला मनाई असते त्या रेषेच्या, नकाशावर ठेवली की पाडकामाची यादी तयार होते. लोक माहिती लपवतात ते यामुळेच. ही नोंद मदतीपलीकडे वापरणार नाही, असा लेखी आदेश महापालिकेने सर्वेक्षणाआधी काढावा आणि यादीची छापील प्रत वस्तीकडे द्यावी. पुरात वीज गेल्यावर तीच वाचता येते.

– वस्त्यांचे नकाशे करणारे कार्यकर्ते, पुणे