पिशवी काढली, तपासणी राहिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊसतोडीला निघालेल्या मजुरांसाठी भरवलेल्या आरोग्य शिबिराचे छायाचित्र आपल्या दैनिकात नुकतेच पाहिले. डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका रांगेत बसल्या आहेत, एकीच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी गुंडाळली आहे आणि टेबलावर लोहाच्या गोळ्यांची पाकिटे मांडली आहेत. काम चांगलेच आहे, आणि त्यासाठी उन्हात राबणाऱ्या आशाताईंना नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु बीड जिल्ह्यात आरोग्य सेविका म्हणून उभी नोकरी काढलेल्या माझ्या नजरेने त्या छायाचित्रात पडदा शोधला, आणि तो कुठेच दिसला नाही. पडदा नसेल तेथे गर्भाशयमुखाची तपासणीही होत नसणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आमच्या भागातील बाईच्या कानावर कॅन्सर हा शब्द बहुधा पहिल्यांदा पडतो तो पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढण्याच्या सल्ल्यासोबत. माझ्या उपकेंद्राच्या गावातील सत्तावीस वर्षांची एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत सोनोग्राफीचा कागद घेऊन माझ्याकडे आली होती. अंगावरून पांढरे जात होते, ओटीपोट दुखत होते. ‘‘डॉक्टर म्हनले, पिशवी सडलीय, ठिवली तर कॅन्सर व्हतंय,’’ असे तिने सांगितले. आत साधन घालून गर्भाशयाचे तोंड कोणी पाहिले का, असे विचारल्यावर तिने नकारार्थी मान हलवली. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आणखी उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेऊन तिने शस्त्रक्रिया करून घेतली. काढलेल्या पिशवीचा तुकडा पुढे तपासणीला गेला की नाही, हे तिला माहीत नव्हते आणि तिच्या नवऱ्यालाही. असे पांढरे जाणे हे पुष्कळदा जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि योग्य औषधांनी तो बरा होतो, हे मला ठाऊक होते. तरीही मोठ्या दवाखान्यातील डॉक्टरांच्या शब्दापुढे मी गप्प राहिले, आणि ते मला आजही टोचते.

त्याच गावातील दुसऱ्या एका बाईची पन्नाशी उलटली होती. पाळी बंद होऊन चार वर्षे लोटल्यावर तिला पुन्हा रक्त जाऊ लागले. गेलेली पाळी परत आली, असे समजून तिने अख्खा हंगाम उसाच्या फडात काढला, कारण एक दिवस घरी बसले तरी खाडा पडतो आणि त्याचे पैसे उचलीच्या हिशेबात कापले जातात. गावी परतून ती रुग्णालयात पोहोचली तेव्हा आजार आजूबाजूला पसरलेला होता. जिला कॅन्सर नव्हता तिची पिशवी गेली, आणि जिला होता तिला तपासायला कोणी आले नाही.

राज्यात नेमलेल्या समितीच्या २०१९ मधील पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यावर तेव्हा बरेच लिहिले गेले, आणि ते आवश्यकच होते. मात्र कॅन्सरची जी भीती दाखवून या बायकांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेले गेले, त्या भीतीची खरीखोटी पारख करणारी साधी चाचणी त्यांच्यापर्यंत का पोहोचली नाही, हा प्रश्न त्या चर्चेत मागे पडला.

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गातून होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि इतका सार्वत्रिक आहे की त्याचा संबंध कोणाच्या चारित्र्याशी जोडणे हा शुद्ध अडाणीपणा ठरेल. बहुतेक जणींच्या शरीरातून तो दोन वर्षांच्या आत आपोआप नाहीसा होतो. थोड्या जणींत तो ठाण मांडतो, पेशी बदलू लागतात, आणि त्या बदलांचा कर्करोग होण्यास साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्हीसारख्या आजाराने प्रतिकारशक्ती खचलेली असेल तर हा काळ बराच कमी होतो. इतक्या वर्षांत एकदाही आत डोकावून न पाहणारी आणि मग सोनोग्राफीवरील सुजेला घाबरून सगळी पिशवीच काढून टाकणारी पद्धत कोणत्या शास्त्रात बसते, हे मला अजून उमगलेले नाही. शिवाय कधी कधी शस्त्रक्रियेत गर्भाशयाचे तोंड तसेच ठेवले जाते, त्यामुळे पिशवी काढली म्हणजे या आजाराचा धोका संपलाच, असेही म्हणता येत नाही.

याहून अधिक सलते ते असे की, या आजाराच्या तपासणीबाबत जगाला धडा मिळाला तो आपल्याच मराठवाड्यातून. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ महिलांचा समावेश असलेला मोठा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ समूह पाडून चार गट करण्यात आले. तीन गटांत निरनिराळ्या चाचण्या झाल्या, तर चौथ्या गटाला केवळ नेहमीची आरोग्यसेवा मिळाली. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले आणि चाचणी न झालेल्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. चौथ्या गटातील त्या ६४ बायकाही आपल्याच मुलखातल्या होत्या. त्यांच्या मरणातून जे ज्ञान मिळाले, ते त्यांच्या लेकीसुनांच्या वाट्याला कितपत आले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी कधी तरी झालेल्या अवघ्या १.९ टक्के आहेत.

सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून गर्भाशयमुख पाहण्याची तरतूद आहे. मिनिटभरात दोष असलेला भाग पांढरा दिसतो आणि प्रशिक्षित परिचारिका ते ओळखू शकते. पाळी गेलेल्या बायकांत मात्र ही पद्धत तितकी भरवशाची राहत नाही. एचपीव्ही चाचणीचा फायदा असा की तिचा नमुना बाई स्वतः, आडोशाला जाऊन, कापसाच्या बोळ्याच्या काडीने घेऊ शकते. ज्यांना पुरुष डॉक्टरपुढे झोपण्याचा संकोच वाटतो, आणि तो बहुतेकींना वाटतो, त्यांची मोठी अडचण यातून सुटते.

मात्र नमुना घेतला की काम संपत नाही. आपली शिबिरे दसऱ्याच्या तोंडावर भरतात आणि लगेच टोळ्या गाड्यांत बसतात. अहवाल हाती येईपर्यंत बाई कोल्हापूरला किंवा कर्नाटकात पोहोचलेली असते, आणि तिथल्या कोपीचा, म्हणजे मजुरांच्या झोपडीचा, पत्ता कोणत्याही नोंदवहीत नसतो. म्हणून माझी सूचना आहे की हे शिबिर मजूर निघताना न भरवता ते परतल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत, पेरणीच्या आधी भरवावे. पुढचे चार-पाच महिने माणसे गावातच असतात. दोष आढळलेल्या बहुतेक जणींचा सदोष भाग थर्मल अब्लेशनने, म्हणजे तापवलेल्या उपकरणाने, काही मिनिटांत नष्ट करता येतो. त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही आणि रुग्णालयात राहावेही लागत नाही. कर्करोगच निघाला, तर सुरुवातीला शस्त्रक्रिया आणि पुढच्या टप्प्यात किरणोपचारांसोबत औषधोपचार करतात. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि बार्शीचे रुग्णालय आपल्याला जवळ आहेत, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगावरील उपचार मिळतात. तरीही काही आठवडे चालणाऱ्या किरणोपचारांच्या काळात रुग्णाने आणि सोबतच्या माणसाने राहायचे कोठे आणि खायचे काय, याचे उत्तर योजनेच्या पत्रकात सहसा सापडत नाही.

त्याच शिबिरात मशेरी लावणाऱ्या बायकांच्या आणि गुटखा खाणाऱ्या पुरुषांच्या तोंडात बॅटरीच्या उजेडात पाहायलाही फार वेळ लागणार नाही. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंडात तीन बोटे उभी न मावणे, एवढे पाहिले तरी पुढे कोणाला पाठवायचे ते कळते.

लसीबद्दलही बोलले पाहिजे. ९ ते १४ वर्षे हे मुलींना एचपीव्हीची लस देण्याचे उत्तम वय आहे, आणि पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीला २०२२ मध्ये मंजुरी मिळालेली आहे. जिथे मुलींची लग्ने अजूनही कोवळ्या वयात उरकली जातात, तिथे ही लस शाळेत किंवा ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहातच द्यायला हवी. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी करावी लागेल, हे तिच्या आईला तेव्हाच सांगावे.

आपल्या वार्ताहरांना विनंती आहे की, पुढच्या शिबिराची बातमी देताना किती जण आले, एवढ्यावर थांबू नये. किती बायकांचे नमुने घेतले, किती जणींच्या हाती अहवाल पडला आणि दोष आढळलेल्यांपैकी किती जणींवर उपचार पूर्ण झाले, हे तीन आकडे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून मागून घ्यावेत आणि मिळाले नाहीत तर तसे छापावे.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त आरोग्य सेविका
ता. केज, जि. बीड