कानाचं ऐकू नकोस

सोलापूर, रविवार रात्र

प्रिय गड्या,

पुढच्या आठवड्यापासून तुझी जुहूहून समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राकडे हेलिकॉप्टरची रात्रीची उड्डाणं सुरू होणार, हे काकूंकडून कळलं. शेंगाचटणीचा डबा भरता भरता म्हणाल्या, "तू कानाचा डॉक्टर ना, सांग की त्याला काहीतरी." म्हणून हे.

गड्ड्याच्या जत्रेतली चक्री आठवते? सलग तीनदा बसलास आणि उतरून थेट भज्यांच्या गाड्यावर आदळलास. चक्री थांबली होती, तुझ्या कानातला तोल सांभाळणारा द्रव मात्र फिरतच होता. वळण अगदी हळू असेल, सेकंदाला दोनेक अंशांहून कमी, तर कानाला पत्ताच लागत नाही. एकसारखं वळत राहिलास तर थोड्या वेळात तो म्हणतो, सरळ चाललोय! पेशंटला डोळे बांधून खुर्चीत फिरवतो ना, खुर्ची थांबली की चांगली शहाणी माणसंही शपथेवर सांगतात, आता उलटा फिरतोय. दिवसा डोळे ही थाप पकडतात. अमावास्येला समुद्रावर पाणी-आभाळ एकच काळं, मध्ये प्लॅटफॉर्मचे दिवे आणि वायूची ज्वाला. तेवढ्यावर ना क्षितिज ठरतं, ना उंची.

सगळ्यात वाईट गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं. वेग वाढला की नाक वर उचललं गेल्यासारखं वाटतं, हात आपोआप सायक्लिक, म्हणजे नाक वर-खाली करणारा दांडा, पुढे ढकलतो. आणि खाली समुद्र.

२७ डिसेंबर २००६, इंग्लंडचा मोरकॅम्ब उपसागर, रात्री हेलिकॉप्टर समुद्रात पडलं, सात माणसं गेली. तो अहवाल मी दोनदा वाचला. उतरणं सोडून द्यायचं ठरेपर्यंत को-पायलट गोंधळला होता. त्याने मदत मागितली. कॅप्टनने ताबा घेईपर्यंत काही सेकंद गेले, नंतरही सावरलं नाही. आपल्याकडे ४ नोव्हेंबर २०१५ ला बॉम्बे हायजवळ रात्रीच्या सरावात हेलिकॉप्टर पडलं, दोन्ही पायलट गेले.

यंत्रांकडे बघायचं हे तुला शिकवलंच असेल, ते मी काय सांगणार. मला भीती तुझ्या स्वभावाची. तुळजापूरहून येताना रस्ता चुकलो, नळदुर्गाकडे निम्मं गेलो, पण तू कुणाला विचारलं नाहीस. वर म्हणालास, "मला माहितीये." तिथे असं करू नकोस. जरा जरी डोकं फिरल्यासारखं वाटलं, की शेजारच्याला लगेच सांग, "गोंधळलोय, तू घे." लाज नंतर वाटू दे.

डबा उद्या रात्रीच्या सिद्धेश्वरने माझ्या मेव्हण्याबरोबर येतोय. दादरला जाऊन घे. काकूंनी चटणीत लसूण जास्त घातलाय, उड्डाणाच्या दिवशी जपून खा.

तुझा,
कानवाला